राजापूरकडच्या घरासाठी उपग्रह इंटरनेट: कुणाचं घ्यावं?

सड्यावरचा · ९ डिसेंबर २०२५, सकाळी ७:४२

कालपासून घरचा, शाळेचा आणि सोसायटीचा अशा तिन्ही व्हॉट्सॲप गटांवर एकच चित्र फिरतंय. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेटचा भारतातला दर: महिना ८,६०० रुपये, डिश-राउटरचा संच ३४,००० रुपये. मेव्हण्याने ते मला वेगळं पाठवून खाली लिहिलंय, "भावोजी, घ्या आता."

प्रश्न खरा आहे म्हणून धागा काढतोय. घर राजापूर तालुक्यात, बाजारपेठेपासून आत अडीच किलोमीटर, मधे व्हाळ (ओढा) आणि पलीकडे चढ. आई-बाबा दोघंच असतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीने वर्षातले चार महिने कुठूनही काम करायची मुभा दिलीये, ते चार महिने गावात काढायचेत. गरज म्हणाल तर रोज दोन-तीन व्हिडिओ कॉल, कंपनीचं व्हीपीएन (तिच्या जाळ्यात शिरायची कुलूपबंद वाट), बागेत दोन कॅमेरे (गेल्या मे महिन्यात भरून ठेवलेल्या अकरा पेट्या रात्रीत गेल्या) आणि बाबांचं यूट्यूबवरचं दशावतार.

सध्याची परिस्थिती: खळ्याच्या टोकाला फणसाखाली उभं राहिलं की फोरजीची एक दांडी. घरात शून्य. फायबर बाजारापर्यंत आलंय. केबलवाला म्हणतो, पंधरा खांब तुमच्या खर्चाने उभे करा, मग बघू. एका कंपनीचा माणूस वायरलेस जोडणीसाठी जागा बघायला आला, मांगराच्या पत्र्यावर चढला, मोबाइल हवेत धरला, चहा प्यायला आणि "कळवतो" म्हणून गेला. त्याला सात महिने झाले.

तर उपग्रहवाल्यांमध्ये कोण बरं? कुणी घरी प्रत्यक्ष वापरतंय का?

तिखटमीठ · ९ डिसेंबर, सकाळी ८:०५

३४,००० अधिक ८,६०० गुणिले १२ म्हणजे पहिल्या वर्षाला १,३७,२०० रुपये. एवढ्यात चांगली खिल्लारी जोडी येते, आणि ती ढग आले म्हणून थांबत नाही.

जुना_रेडिओ · ९ डिसेंबर, सकाळी ९:३१

तो दर खरा नाही. कंपनीनेच खुलासा केलाय की भारताची साइट सुरूच झालेली नाही, चाचणीसाठी भरलेले आकडे चुकून लोकांना दिसले. मेव्हण्यांना कळवा.

आज भारतात घरगुती ग्राहकाला स्टारलिंक विकत मिळत नाही. परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, इन-स्पेसची (अवकाश क्षेत्राला मंजुऱ्या देणारी सरकारी संस्था) मंजुरी जुलैत, ऑक्टोबरअखेर मुंबईत सुरक्षा यंत्रणांना प्रात्यक्षिकं दाखवून झाली. अडलंय ते स्पेक्ट्रमच्या, म्हणजे सरकारने द्यायच्या रेडिओ लहरींच्या, दरावर. ट्राय या दूरसंचार नियामकाने मे महिन्यात उत्पन्नाच्या ४ टक्के आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये असं सुचवलं, त्यावर दूरसंचार खातं आणि ट्राय यांची पत्रापत्री चाललीये.

वनवेब या दुसऱ्या उपग्रह कंपनीला परवाना २०२१ पासून आहे, पण ते घराघरात विकत नाहीत. कंपन्या, सरकारी खाती, सैन्य हे त्यांचं गिऱ्हाईक. जिओ आणि एसईएस ही परदेशी उपग्रह कंपनी यांच्या जोडगोळीलाही २०२२ पासून परवाना आहे, दुकानात काही नाही. म्हणजे "कोण बरं" याला आजच्या घटकेला स्पर्धकच नाहीत.

आणि ही पहिली वेळ नव्हे. २०२१ मध्ये याच स्टारलिंकने ९९ डॉलर अनामत घेऊन भारतात आगाऊ नोंदणी केली होती. नोव्हेंबरात सरकारने जाहीर सांगितलं की यांच्याकडे परवाना नाही, कुणी पैसे भरू नका, आणि जानेवारी २०२२ मध्ये पैसे परत करायला सुरुवात झाली. त्यात माझेही होते. पैसे परत आले, चार वर्षं झाली, नेट अजून यायचंय.

सड्यावरचा · ९ डिसेंबर, सकाळी १०:१२

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मेव्हण्याला पाठवलं. त्याचं उत्तर, "येईलच की." मग बँकेच्या छपरावर ती मोठी छत्री असते ते काय? तेही उपग्रहाचंच ना? तसं घरी मिळत नाही का?

छत्रीवाला · ९ डिसेंबर, दुपारी १:४८

हा माझा प्रांत. वीस वर्षं व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहाशी बोलणाऱ्या, छत्र्या बसवतोय: बँका, एटीएम, पेट्रोलपंप, दोन धरणं आणि एक देवस्थान.

मिळतं. भारतात ह्यूजेस कम्युनिकेशन्सने सप्टेंबर २०२२ मध्ये इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ वर जास्त क्षमतेची सेवा सुरू केली. आजच्या तारखेला तुमच्या घरावर कायदेशीरपणे लागू शकेल असं उपग्रहाचं नेट याच प्रकारचं. तरी मी तुम्हाला ते विकणार नाही, का ते सांगतो.

हे उपग्रह भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारे, ३५,७८६ किलोमीटरवर. तुमची मागणी वर जाते, खाली येते, उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली. सगळं मिळून १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाचा वेग धरला तरी जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात गेला. प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंद धरून चाला. एटीएमला फरक पडत नाही, त्याला चार ओळींची मागणी आणि दोन ओळींचं उत्तर एवढंच लागतं. व्हिडिओ कॉलवर मात्र दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि मग दोघं एकदम "बोला बोला" म्हणतात. दिवसभरात तीन मीटिंगा अशा केल्यात तर साहेब तुम्हाला परत पुण्याला बोलावून घेईल.

व्हीपीएनचं तर आणखी वाईट. या मोडेममध्ये एक चलाखी असते. पलीकडून पोच यायची वाट न बघता तो इथल्या इथे संगणकाला खोटी पोच देतो, म्हणजे संगणक न अडखळता पुढचं पाठवत राहतो. म्हणून साधं ब्राउझिंग बरं वाटतं. व्हीपीएनमध्ये सगळं कुलूपबंद. आत काय चाललंय ते मोडेमला दिसत नाही, चलाखी तिथेच संपते. मग दहाचा वेग एकासारखा वाटतो आणि शिव्या मी खातो.

वर महिन्याच्या डेटाला मर्यादा. कॅमेरे सतत ढगात चढवत राहिलात तर पहिल्या आठवड्यात कोटा खलास.

एक चांगली गोष्ट सांगतो, नाहीतर धंद्याशी बेइमानी होईल. जीसॅट-११ आहे ७४ अंश पूर्वेला आणि तुमचं राजापूर साडेत्र्याहत्तरला. म्हणजे छत्री जवळपास नाकासमोर दक्षिणेला आणि क्षितिजापासून ७० अंश वर. कोकणात झाडाझुडपांतल्या घरालाही ते लागून जातं, वर तेवढं एक भोक मोकळं असलं की झालं.

अंबाडी · ९ डिसेंबर, दुपारी ३:२०

इन्स्टावर एक जण "रोमिंगवालं स्टारलिंक, परदेशातलं खातं, लगेच चालू" म्हणून विकतोय. निम्मे पैसे आगाऊ. माझ्या दिराने जवळजवळ भरलेच होते.

छत्रीवाला · ९ डिसेंबर, दुपारी ३:३४

नको नको नको. एक तर भारताच्या हद्दीत ते चालू होऊ नये अशी कंपनीचीच व्यवस्था असते. दुसरं, परवान्याशिवाय असलं यंत्र जवळ बाळगणं हा गुन्हा. गेल्या डिसेंबरात गोव्यात विमानतळावर एका परदेशी प्रवाशाकडे हातात मावणारं उपग्रह-संदेशाचं यंत्र सापडलं, गिर्यारोहक वापरतात तसलं, तेवढ्यावर अटक झाली. तुम्ही तर छपरावर डिश लावून बसणार.

तसाच तो मोबाइलचा बूस्टर. ऑनलाइन सर्रास मिळतो म्हणून कायदेशीर होत नाही. टॉवरला त्रास होतो आणि खात्याची माणसं शोधत येतात, स्वतः पाहिलंय.

डोंगरशाळा · ९ डिसेंबर, रात्री ९:०२

सगळं वाचलं. मी धडगाव तालुक्यात शिकवते, जिल्हा नंदुरबार. खिल्लारी जोडीचा विनोद चांगला होता, पण आमच्याकडे हा विषय हौसेचा नाही.

आमच्या पाड्यावर कुठल्याही कंपनीची एकही दांडी नाही. हजेरी, पोषण आहाराची माहिती, सगळं ऑनलाइन भरायचं. शाळा सुटली की मी आणि आरोग्य सेविका टेकडीवर जातो. तिथे एक मोठा दगड आहे, त्यावर उभं राहिलं तर मेसेज जातो. पावसाळ्यात दगड शेवाळतो, मग पायथ्याशी बसून एकमेकींचा हात धरून आळीपाळीने चढतो. बाळंतपणाची गाडी बोलवायची असली तरी तोच दगड.

५ नोव्हेंबरला राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली, असं करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव या जिल्ह्यांतल्या सरकारी संस्थांना आणि दुर्गम वस्त्यांना जोडायचं असं त्यात आहे. बातमी आली त्या दिवशी आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींनी पेढे आणले होते. घाई झाली हे त्यांनाही कळत होतं. पण आणले.

तिखटमीठ · ९ डिसेंबर, रात्री ९:१५

ताई, जोडीचे शब्द मागे घेतो. तुमच्या पाड्यासाठी ८,६०० सुद्धा स्वस्तच, फक्त ते सरकारने भरावेत. धागाकर्त्याच्या घरापासून अडीच किलोमीटरवर फायबर आहे, माझा रोख तिकडे होता.

अडलेड_अप्पा · १० डिसेंबर, पहाटे ४:५०

दोन्ही प्रकार घरी वापरलेला माणूस म्हणून लिहितो. दक्षिण ऑस्ट्रेलियात द्राक्षांच्या मळ्यात राहतो, शेजारी दीड किलोमीटरवर.

इथे सरकारी इंटरनेट जाळ्याचे, एनबीएनचे, दोन भूस्थिर उपग्रह आहेत, स्काय मस्टर नावाचे, २०१५ आणि २०१६ मध्ये सोडलेले. २०२१ पर्यंत आमचं घर त्यावर होतं. छत्रीवाल्यांनी लिहिलेली "बोला बोला" मी पाच वर्षं जगलोय. नागपूरला आईशी बोलताना आम्ही शेवटी वॉकीटॉकीसारखं वाक्य संपलं की "हं" म्हणायची पद्धत पाडली होती. मग स्टारलिंक आलं. ते उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, उशीर ३० ते ५० मिलिसेकंद. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "तू भारतात आलास का?"

तेव्हा वस्तू चांगली आहे यात वाद नाही. पण विकणारा सांगत नाही त्या दोन-तीन गोष्टी:

वीज. साधी डिश ७५ ते १०० वॅट खाते, चोवीस तास. महिन्याला साठेक युनिट धरा. छोटी मिनी डिश आहे, ती २५ ते ४० वॅटवर भागवते. फायबरचा डबा आणि राउटर मिळून पंधरा वॅटही घेत नाहीत. तुमच्याकडे लाईट किती जाते त्यावर हा हिशेब फिरतो.

कॅमेरे. घरगुती जोडणीला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, हजारो घरं एकाच पत्त्याआड असतात. जुन्या पद्धतीने घरच्या रेकॉर्डरला बाहेरून जोडू गेलात तर दार सापडणार नाही. कंपनीच्या ढगातून चालणारे कॅमेरे घ्या.

आणि सगळी अंडी एका टोपलीत. २४ जुलैला त्यांचं जाळं जगभर अडीच तास बंद पडलं, आतल्या सॉफ्टवेअरमुळे. कामाच्या माणसाने फोनच्या नेटचा एक पर्याय जोडीला ठेवावा.

इथे केबल काकाकुवा कुरतडतात. तुमच्याकडे माकडं असतील.

सड्यावरचा · १० डिसेंबर, सकाळी ८:२६

माकडं आहेत, आणि ती केबल कुरतडत नाहीत, छपराच्या नळ्यांवर नाचतात. दर वर्षी शंभर-दीडशे नळे बदलतो. छपरावर काही लावायचा प्रश्नच नाही.

लाईटचं: पावसाळ्यात रोज चार तास गेली तर आई म्हणते, आज बरी होती. १५० एएचची एक बॅटरी आहे इन्व्हर्टरला, त्यावर दोन पंखे, तीन दिवे.

काल रात्री बाबांना सगळं समजावून सांगितलं, उपग्रह, ५५० किलोमीटर वगैरे. ते शांतपणे म्हणाले, "पाऊस इलो की टीव्ही जाता, तसाच ह्या पण जातला मां?"

छत्रीवाला · १० डिसेंबर, सकाळी ११:०९

बाबांना नमस्कार सांगा. नेमका तोच प्रश्न विचारायचा असतो आणि पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक तो कधीच विचारत नाही.

होय, जातला. टीव्हीची डिश आणि स्टारलिंकची खालची लहर एकाच पट्ट्यातली, केयू. पावसाचा थेंब ती लहर खातो. फरक एवढाच की खालच्या कक्षेत उपग्रह सारखे बदलतात, त्यामुळे एका दिशेला काळा ढग असला तर दुसरीकडचा पकडायची संधी असते. केए पट्ट्यावरच्या सेवेला पाऊस याहून जास्त मारतो. तुमच्याकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, लातूरवाल्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. फुकटातली चाचणी सांगतो: मृग लागला की टीव्हीवर "सिग्नल नाही" येतं तेव्हा घड्याळ बघून वहीत टिपून ठेवा. जूनचे तीस दिवस. कुठल्याही जाहिरातीपेक्षा ती वही खरी.

आता आकाश. भूस्थिरला एक भोक पुरतं म्हटलं. खालच्या कक्षेवाल्याला उलट: डिशच्या डोक्यावर सुमारे ११० अंशांचा उघडा द्रोण लागतो, त्यात एक माड आला तरी उपग्रह त्यामागे जाईल तेव्हा दोन-चार सेकंद कॉल गोठणार. दर काही मिनिटांनी. खळ्यात मधोमध उताणे झोपा, छातीवर फोन ठेवून वरचा रुंद फोटो काढा आणि इथे टाका. खरंच सांगतोय.

सड्यावरचा · १० डिसेंबर, संध्याकाळी ६:५५

बाबांना झोपवलं आणि व्हिडिओ कॉलवर (फणसाखाली जाऊन परत) फोटो मिळवला. पूर्वेला घर. उत्तरेला काकांचा रायवळ आंबा, आजोबांच्या वेळचा. पश्चिमेला चार माड. दक्षिण मोकळी, कारण तिकडे उतार, व्हाळ आणि पलीकडे बाजार.

आंबा तोडायचा विषय काढू नका. त्या झाडावरून १९९४ पासून काका आणि बाबा यांच्यात सरळ बोलणं नाही, आईमार्फत चालतं.

छत्रीवाला · १० डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

मग स्टारलिंक उद्या फुकट मिळालं तरी खळ्यातून नीट चालणार नाही. बागेत वर सड्यावर उघडी जागा असेल तर तिथे खांब, आणि तिथून घरापर्यंत तार. तार म्हणजे वळवाच्या पावसात विजेला आमंत्रण.

वायरमन_अण्णा · १० डिसेंबर, रात्री ८:०३

इतके प्रतिसाद वाचले आणि कुणी विचारलं नाही. दक्षिण मोकळी, पलीकडे बाजार, बाजारात फायबर. खळ्यातून बाजार दिसतो का?

सड्यावरचा · १० डिसेंबर, रात्री ८:११

दिसतो. मामेभावाच्या दुकानाची पाटी दिसते. रात्री तो शटर ओढतो ते आईला पडवीतून कळतं.

वायरमन_अण्णा · १० डिसेंबर, रात्री ८:४०

अहो मग आकाशात कशाला जाता?

दुकानावर एक रेडिओ, तुमच्या खळ्यात खांबावर दुसरा, दोघांची तोंडं एकमेकांकडे. ५ गिगाहर्ट्झचे, जेवणाच्या ताटाएवढे. त्या पट्ट्यात ठरवून दिलेल्या ताकदीपर्यंत परवाना लागत नाही. मी सिंधुदुर्गात असे कितीतरी लावलेत, एक तर खाडीवरून पाच किलोमीटर. बीएसएनएलचं भारत एअर फायबर याच तत्त्वावर चालतं, आधी तुमच्या भागात त्यांचा भागीदार आहे का ते विचारा. असला तर खांब-बिंब तोच बघेल.

नुसतं "दिसतं" एवढ्यावर जाऊ नका. लहर दोरीसारखी सरळ जात नाही, मधे काकडीसारखी फुगते. अडीच किलोमीटरला मधोमध साडेतीन मीटरपर्यंत चारी बाजूंनी मोकळं हवं. तुमच्याकडे मधे दरी आहे, प्रश्न नाही. घराजवळ चाळीसेक मीटरवर काही असेल तर तिथे फुगवटा बारीक, तीन फूट मोकळं मिळालं तरी भागतं. मात्र भिजलेलं आंब्याचं पान मधे नको. कोरडं असताना चालतं आणि जूनमध्ये बंद पडतं, मग लोक रेडिओला शिव्या देतात.

मामेभावाच्या जोडणीवर चढू नका. दुकानाच्या पत्त्यावर तुमच्या नावाने वेगळी घ्या, म्हणजे त्याच्या कंपनीचा आणि त्याच्या बायकोचा दोघांचाही प्रश्न येत नाही.

डोंगरशाळा · १० डिसेंबर, रात्री ९:२५

अण्णा, आमच्या टेकडीवरून असं काही?

वायरमन_अण्णा · १० डिसेंबर, रात्री ९:४९

ताई, टेकडीवरून दिसणारं जवळचं फायबर किती दूर? दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत मोठ्या छत्र्यांनी जमतं, पण टेकडीवर वीज लागेल, म्हणजे सौर पॅनल, बॅटरी, आणि ती कुणी नेऊ नये म्हणून पिंजरा. मधे दुसरा डोंगर असेल तर त्यावर आणखी एक. तुमच्याकडे खरंच उपग्रहच हवा. शाळेच्या पटांगणात झाडं कमी असतील तर उत्तमच. मिनी डिश मिळाली तर दोन सौर पॅनलवर शाळेच्या वेळेपुरती आरामात चालेल.

जुना_रेडिओ · १० डिसेंबर, रात्री १०:३०

दरावरून एक. भूतानमध्ये स्टारलिंक याच वर्षी सुरू झालं, तिथे हलकी योजना ३,००० आणि नेहमीची ४,२०० ङुल्ट्रम, आणि ङुल्ट्रम म्हणजे आपल्या रुपयाएवढाच. बांगलादेशात मे महिन्यात ४,२०० आणि ६,००० टका, संच ४७,००० टका. तेव्हा ८,६०० ला घाबरू नका आणि कुणी "८०० रुपयांत येणार" म्हणालं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. संसदेच्या अधिवेशनाच्या सुमारास जुलैत दूरसंचार राज्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं की देशभरात मिळून २० लाख जोडण्या आणि २०० एमबीपीएसपर्यंत वेग एवढीच यांची कुवत. एवढ्या मर्यादित मालाला कुणी मोबाइलचा दर लावत नाही.

सड्यावरचा · २८ डिसेंबर २०२५, रात्री १०:१७

नाताळच्या सुट्टीत गावी आलोय, म्हणून अहवाल.

दुकानाच्या पत्त्यावर १०० एमबीपीएसची जोडणी घेतली. दोन रेडिओ, गॅल्व्हनाइज्ड पाइप, तार, दोन्ही टोकांना विजेपासून बचावाचे डबे, अर्थिंग आणि दोन छोटे यूपीएस मिळून १९,४०० रुपये. अण्णांनी फोनवर दोन तास दिले, पैसे घेतले नाहीत, काजूगर पाठवतोय.

पहिल्या दिवशी जोडणी लागलीच नाही. खांब खळ्याच्या दक्षिण टोकाला रोवला होता, दुर्बिणीतून पाटी स्वच्छ दिसत होती, तरी सिग्नल येऊन-जाऊन. बघतो तर काकांच्याच हद्दीतलं दुसरं एक कलम, खाली उतारावर, बरोबर चाळीस मीटरवर. त्याची एक फांदी त्या काकडीत.

आई निरोप घेऊन गेली. काका स्वतः आले. एकतीस वर्षांत प्रथम खळ्यात उभे राहिले, दुर्बीण डोळ्याला लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "फांदी नाय तोडूची. खांब दोन हात तिकडे घे." बाबा पडवीतून म्हणाले, "मी सकाळीच सांगत होतंय त्याका." दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, दोघंही माझ्याशी बोलले. खांब दोन हात पूर्वेला घेतला, दगडाला लागून.

आता वेग ९० च्या पुढे, उशीर ९ ते १२ मिलिसेकंद. व्हीपीएन चालतं. कालची मीटिंग खळ्यातून केली, मागून कोंबडा ओरडला एवढंच. लाईट गेल्यावर आमच्या टोकाला यूपीएस पाच तास टिकला. दुकानाच्या टोकाला दोन तासच, कारण मामेभावाने त्यावर काट्याचा प्लग पण लावला होता. काढला.

जूनची वही करणार आहे, टीव्हीची आणि रेडिओची दोन्ही.

छत्रीवाला · २८ डिसेंबर, रात्री १०:४०

दोन हात हलवल्यावर फांदीपासून किती अंतर राहिलं? कलम वाढतं.

सड्यावरचा · २८ डिसेंबर, रात्री १०:५२

साडेचार फूट. काकांनी मोजून सांगितलं. पालवी फुटली की पुन्हा मोजायला येणार म्हणालेत.

काळी_माती · ३ जानेवारी २०२६, दुपारी १२:१५

नमस्कार, नवीन सभासद. वाशिम जिल्हा, शेतात घर, फायबर ९ किलोमीटर, टॉवर लागत नाही, चहूकडे सपाट, एक बाभूळ. स्टारलिंक ८,६०० ला आलंय असं ऐकलं, घेऊन टाकू का?

छत्रीवाला · ३ जानेवारी, दुपारी १२:३१

धागा वरून वाचा, दर खरा नाही. पण तुमचं आकाश सुरेख आहे, त्यामुळे तुमच्याशी बोलण्यात अर्थ आहे. आधी सांगा, शेतातली लाईट सिंगल फेज आहे की थ्री फेज, आणि रात्री किती तास असते?